घोड्याची चाल आणि धर्मादायाचा हिशेब
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



या संमेलनात आम्ही काही बोलावे अशी इच्छा मंडळाच्या चिटणिसांनी प्रदर्शित केली आणि विषयाची निवड आमच्यावरच सोपविली. परदेशी राहणाऱ्या सभासदाने तेथील हवापाणी, तेथील आपल्या लोकांचे सणसमारंभ यांविषयी चार शब्द सांगावेत अशी सर्वसाधारण अपेक्षा असते. ती आज आमच्याकडून पुरी होणार नाही. इंग्लंडच्या ज्या परगण्यात आमचे वास्तव्य आहे तेथील एक लहानसे अश्वारोहण मंडळ दर उन्हाळ्यात धर्मादायासाठी ड्रेसेजची स्पर्धा भरविते. तिच्यात गुणतपासनिसाचे काम बरीच वर्षे आमच्याकडे आहे. ही स्पर्धा कशी भरते, तिच्यातून पैसा कसा उभा राहतो आणि तो कोठे कोठे गळतो, हे आपणांपुढे मांडावे असे मनात आहे. आम्ही स्वतः घोड्यावर बसत नाही हे आरंभीच सांगून टाकतो, म्हणजे श्रोत्यांपैकी कोणी प्रात्यक्षिकाची मागणी करणार नाही.

ड्रेसेज हा शब्द फ्रेंच. त्याचा मूळ अर्थ घोड्याला शिकविणे, वळण लावणे. शर्यतीतला घोडा वेगाने जिंकतो, अडथळ्यांवरून उडणारा घोडा उंचीने जिंकतो. ड्रेसेजमध्ये मात्र घोडा आज्ञेत किती सहजपणे चालतो एवढेच पाहतात. आपल्या भाषेत घोडा शिकविणाऱ्याला ‘चाबुकस्वार’ असा नेमका शब्द आहे. मराठ्यांच्या पागांतून हे काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. परंतु चाबुकस्वाराचे शिक्षण रणांगणासाठी असे. त्याची परीक्षा शत्रू घेई आणि तो काही गुणपत्रिका देत नसे.

स्पर्धेचे रिंगण हे नावाचेच रिंगण. आकाराने ते आयत असते. लहान रिंगण ४० मीटर लांब व २० मीटर रुंद, मोठे ६० मीटर लांब. कडेने पांढऱ्या फळ्या मांडतात आणि ठराविक जागी इंग्रजी अक्षरे उभी करतात. त्यांचा क्रम वर्णमालेचा नव्हे. लहान रिंगणात प्रवेशद्वाराशी ‘ए’, मग उजव्या हाताच्या क्रमाने के, ई, एच, समोर परीक्षकापाशी ‘सी’, पुढे एम, बी, एफ. हा क्रम ध्यानात राहावा म्हणून इंग्रज मुले या अक्षरांनी सुरू होणाऱ्या शब्दांचे एक वाक्य पाठ करतात. मधोमध ‘एक्स’, तेथे अक्षर नसते, ते स्वाराने मनात धरावयाचे. स्वार ‘ए’पासून सरळ आत येतो, थांबतो, परीक्षकाला अभिवादन करतो आणि ठरवून दिलेल्या हालचाली क्रमाने करून दाखवितो. चार ठेक्यांची साधी चाल, दोन ठेक्यांची दुडकी, आणि तीन ठेक्यांचा झेपावता कॅंटर, एवढ्या तीन चाली. त्यांत २० मीटरचे वर्तुळ, दिशाबदल, थांबणे, लगाम सैल सोडून चालणे. प्रत्येक हालचालीला ० ते १० गुण. १० म्हणजे उत्कृष्ट, ६ म्हणजे समाधानकारक, ४ म्हणजे अपुरे, ० म्हणजे केलेच नाही. अर्धा गुणही देता येतो.

आता अशा या निवांत, काहीशा खानदानी खेळाचा आणि धर्मादायाचा संबंध कसा जडला ते सांगावयास हवे. ऑलिंपिकमध्ये ड्रेसेज १९१२ साली स्टॉकहोम येथे आले. त्यानंतर कितीतरी वर्षे तो लष्करातील सनदी अधिकाऱ्यांचाच खेळ होता. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये स्वीडनच्या संघाने सुवर्णपदक मिळविले, पण पुढल्या वर्षी ते काढून घेण्यात आले. कारण काय, तर त्यांच्यातील गेनाल पेर्सन हा स्वार वस्तुतः सार्जंट होता आणि केवळ स्पर्धेपुरती त्याला लेफ्टनंटची बढती देण्यात आली होती. घोडा तोच, स्वार तोच, बसण्याची ढबही तीच. उणी पडली ती खांद्यावरची फीत. १९५२ साली हेलसिंकीला हा नियम गेला, सामान्य नागरिकांना आणि स्त्रियांनाही दार उघडले, आणि त्याच पेर्सनने स्वीडनच्या संघातून सुवर्णपदक मिळविले.

त्याच १९५२ साली, त्याच दारातून, डेन्मार्कच्या लिस हार्टेल आत आल्या. १९४४ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, गरोदरपणात त्यांना पोलिओ झाला. पुढे त्या पुष्कळ सावरल्या, तरी गुडघ्यांखाली पायांत शक्ती आली नाही. घोड्यावर चढविण्यास आणि उतरविण्यास त्यांना दुसऱ्याचे साहाय्य लागे. ज्या खेळात स्वार पोटरीच्या हलक्या दाबाने घोड्याशी बोलतो, त्या खेळात पोटरी नसल्यासारखी असताना त्यांनी हेलसिंकीला रौप्यपदक मिळविले. १९५६ साली पुन्हा रौप्यपदक मिळविले. त्या वर्षीचे ऑलिंपिक मेलबर्नला होते, परंतु परदेशी जनावरांविषयीच्या ऑस्ट्रेलियाच्या कडक नियमांमुळे घोड्यांच्या स्पर्धा स्टॉकहोमला झाल्या होत्या.

या एका स्त्रीच्या उदाहरणाने युरोपात अपंगांच्या अश्वारोहणाला जोराची चालना मिळाली. ब्रिटनमध्ये १९६९ साली ‘रायडिंग फॉर द डिसेबल्ड असोसिएशन’ ही संस्था स्थापन झाली. गावोगावी तिचे गट आहेत. बहुतेक गट आपापला निधी आपणच जमवितात आणि स्वयंसेवकांच्या बळावर चालतात. घोडा साध्या चालीने चालू लागला की पाठीवर बसलेल्या माणसाचे कटिस्थान जवळजवळ तसेच हलते, जसे आपण स्वतः चालताना हलते. ज्या मुलाला चालता येत नाही त्याच्या पाठीच्या आणि पोटाच्या स्नायूंना ही चाल आयती मिळते. आमची स्पर्धा अशाच एका जवळच्या गटासाठी असते. घोडा सुट्टीवर गेला तरी खातोच. हिवाळ्यात कुरणात गवत नसते, सुके गवत विकत घ्यावे लागते, नालबंद येतो, पशुवैद्य येतो. उन्हाळ्यातल्या त्या एका दिवसाच्या शिलकेवर हिवाळ्यात गटाच्या पागेत किती तट्टे राहतील हे पुष्कळसे ठरते. तट्टू कमी झाले की मुलांची रांग लांबते. म्हणून या लहानशा हिशेबाला आम्ही क्षुल्लक मानीत नाही.

आता हिशेब. पुढील आकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत, पण प्रमाण साधारण असेच असते. एका स्वाराची चाचणी सुमारे पाच मिनिटांत संपते. तो आत येणे, बाहेर जाणे, परीक्षकाने शेवटचा शेरा सांगणे हे धरून प्रत्येकी आठ मिनिटे ठेवावी लागतात. सकाळी ९ ते दुपारी ४ म्हणजे ४२० मिनिटे. त्यांतून जेवणाचे व चहाचे मिळून एक तास वजा केला की ३६० उरतात. म्हणजे ४५ स्वार, त्यापेक्षा एकही अधिक नाही. प्रवेशशुल्क १५ पौंड धरले तर जमा ६७५ पौंड. आता खर्च पाहा. मैदानाचे भाडे १५०, प्रथमोपचारकाचे १२०, फितीच्या फुलांचे ६०, परीक्षकाच्या प्रवासाचे ४०, छापील गुणपत्रिकांचे २५. एकूण ३९५. शिल्लक राहिली २८०. दिवसभर वीस माणसे उन्हापावसात राबली आणि हाती आले २८० पौंड! आमच्या समितीत दरवर्षी कोणीतरी विचारतोच की, या वीस जणांनी प्रत्येकी १४ पौंड काढून दिले असते तर रविवार घरी नसता का काढता आला?

प्रश्न रास्त आहे आणि त्याला दोन उत्तरे आहेत. पहिले अंकगणिताचे. मैदानाचे भाडे आणि प्रथमोपचारकाचे मानधन हे स्वार ४५ असोत की ९०, तेवढेच राहते. त्याच मैदानावर दुसरे रिंगण आखले, दुसरा परीक्षक बोलाविला, तर जमा १३५० होते आणि खर्च मात्र ५२० च्या आसपास राहतो. शिल्लक एकदम ८३० वर जाते. म्हणजे ज्या कामात तोटा वाटत होता तेच काम दुप्पट केल्यावर शिल्लक तिप्पट होते. पण दुसऱ्या रिंगणाला दुसरा लेखनिक, दुसरा पुकारा करणारा, गुणपत्रिका पोहोचविणारी आणखी दोन चपळ मुले लागतात, आणि ही माणसे पैशाने मिळत नाहीत. समितीची खरी धडपड देणगीदारांसाठी नसते. ती अशा माणसांसाठी असते, जी सकाळी साडेसातला येतील आणि संध्याकाळी फळ्या उचलून झाल्यावाचून जाणार नाहीत. हा अनुभव मंडळाच्या कार्यकर्त्यांना आम्ही सांगावा असे नाही!

दुसरे उत्तर त्या गुणपत्रिकेत आहे, आणि आमच्या मते सगळ्या स्पर्धेचा जीव तेथेच आहे. परीक्षक बहुधा आपल्या मोटारीतच बसतात. मोटार ‘सी’ अक्षरामागे उभी असते आणि घंटेऐवजी भोंगा वाजवितात. शेजारी लेखनिक. परीक्षकाची दृष्टी घोड्यावरून हलता कामा नये, म्हणून ते केवळ बोलतात आणि लेखनिक लिहीत जातो. ‘साडेसहा, वर्तुळ बरे, लय टिकली.’ ‘पाच, कोपरा कापला.’ ‘चार, थांबताना मागचा पाय सुटला.’ लेखनिकाने आपले मत देऊ नये, हसू नये, हळहळू नये. स्वार ओळखीचा असला तरी ते परीक्षकाला सांगू नये. सर्वांत शेवटी परीक्षक स्वतःच्या हाताने दोन ओळींचा शेरा लिहितात आणि सही करतात. मग ती पत्रिका आमच्या टेबलावर येते. आम्ही बेरीज करतो. दुसरा तपासनीस, आमची बेरीज न पाहता, पुन्हा करतो. दोन्ही जुळल्या तरच टक्केवारी फळ्यावर जाते. २३० पैकी १४९.५ मिळाले तर ६५ टक्के. स्थानिक स्पर्धेत ६५ मिळाले की माणूस आनंदाने घरी जातो. ७० मिळाले की सगळे मंडळ त्या घोड्याकडे वळून पाहते.

या पत्रिकेसाठी माणसे १५ पौंड देतात. फितीचे फूल पहिल्या सहा जणांना मिळते. इंग्लंडात पहिल्याचे तांबडे, दुसऱ्याचे निळे. पत्रिका मात्र सर्वांना मिळते, शेवटच्यालाही. वर्षभर आपण आपल्या घोड्याशी जे बरेवाईट वागलो ते एका जाणत्या, अनोळखी माणसाने पाहून प्रामाणिकपणे लिहून दिलेले असते. तिच्यात सौजन्याची भेसळ झाली तर पुढल्या वर्षी ते १५ पौंड कोणी देणार नाही. धर्मादायाची स्पर्धा आहे, लोक पैसे देऊन आले आहेत, तेव्हा परीक्षकांनी हात थोडा सैल ठेवावा, अशी सूचना आमच्या समितीत एकदा आली होती. वयाने ज्येष्ठ असलेल्या आमच्या परीक्षक बाईंनी शांतपणे सांगितले की, पैसे कमी पडत असतील तर केक अधिक विकावेत. गुण विकता येणार नाहीत.

केकवरून आठवले. वास्तविक शिलकेचा मोठा हिस्सा चहाच्या टेबलावर आणि सोडतीतच जमतो. पीठ, लोणी, साखर ज्याने त्याने घरून घातलेली, तेव्हा टेबलावर येणारे नाणे न् नाणे नफ्याचे. सोडतीविषयी ब्रिटनमध्ये २००५ चा जुगारविषयक कायदा आहे. अशा समारंभाच्या जागी विकलेल्या तिकिटांना परवाना लागत नाही; मात्र जमेतून सोडतीच्या खर्चासाठी १०० पौंडांहून आणि बक्षिसांसाठी ५०० पौंडांहून अधिक काढता येत नाहीत. आमची बक्षिसे म्हणजे मुरंब्याची बाटली, वाइनची बाटली आणि घोड्याच्या खाद्याचे पोते. पोत्यावर लोकांचा डोळा अधिक असतो.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे शुल्क आणि दान यांची गल्लत न होऊ देणे. तेथे प्राप्तिकर भरणाऱ्या माणसाने धर्मादाय संस्थेला एक पौंड दिला आणि तसे लिहून दिले, तर सरकार त्यात २५ पेन्स घालते. परंतु प्रवेशशुल्काला ही सवलत नाही, कारण त्याच्या बदल्यात स्वाराला काहीतरी मिळालेले असते. म्हणून आमच्या टेबलावर शुल्काची पेटी वेगळी आणि दानाची पाकिटे वेगळी. पाकिटावर नाव, पत्ता, सही. जाहिरातीतही ‘सर्व रक्कम धर्मादायाला’ असे आम्ही छापीत नाही; ‘खर्च वजा जाता उरणारी सर्व रक्कम’ असे छापतो. चार शब्द अधिक लागतात खरे. लोकांनी त्यावरून कधी कमी पैसे दिले असे दिसले नाही.

या सगळ्या व्यवस्थेची कसोटी लागते ती पावसात. एका वर्षी स्पर्धेच्या आदल्या रात्री मुसळधार पाऊस झाला. आमचे रिंगण गवतावरचे. सकाळी आठ वाजता समिती छत्र्या घेऊन मैदानात फिरत होती. कोपऱ्यांवर टाच रुतत होती. अशा जमिनीवर घोडा घसरला तर पायाची शीर दुखावते आणि वर्ष वाया जाते. आणि पडलेल्या स्वाराची गोष्ट तर निराळीच. स्पर्धा बंद करावी तर मैदानाचे भाडे गेलेले, फुले आणलेली, आणि निधीला उलट खोट. चालवावी तर जनावरांची जोखीम. गटाच्या चिटणीस बाई तेथेच उभ्या होत्या, पण त्या एक शब्दही बोलल्या नाहीत. शेवटी समितीने कॅंटर असलेल्या सर्व चाचण्या रद्द केल्या, साधी चाल आणि दुडकी एवढ्याच असलेल्या चाचण्या कमी भिजलेल्या वरच्या बाजूला रिंगण हलवून घेतल्या, आणि ज्यांची चाचणी रद्द झाली त्यांचे शुल्क परत देण्याचे ठरविले. ‘परत’ हा शब्द ठरावात असावा की नसावा यावर बराच खल झाला. काहींचे म्हणणे असे की, धर्मादायाचे काम आहे, लोक स्वतःच मागणार नाहीत, तेव्हा गप्प बसावे. परंतु न मागितलेले पैसे ठेवून घेणे आणि दिलेले पैसे घेणे यांत अंतर आहे, असे बहुमत पडले. प्रत्येकाचे १५ पौंड पाकिटात घालून टेबलावर ठेवले. निम्म्याहून अधिक लोकांनी तीच पाकिटे दानाच्या पेटीत टाकली, आणि आता ते दान ठरल्यामुळे त्यावर सरकारचे पैसेही मिळाले! ज्यांनी पाकीट खिशात घातले त्यांना कोणी वाकड्या नजरेने पाहिले नाही, आणि पुढल्या वर्षी तेही आले.

गटातील काही स्वार स्वतः स्पर्धेत उतरतात. त्यांना लागणारी खास खोगिरे, लगामाच्या कड्या वापरण्यास मुभा असते. गुण मात्र इतरांसारखेच. त्यांच्यापैकी एका मुलाला थांबण्याच्या हालचालीला ४ मिळाले. शेरा असा की, घोडा चौरस उभा राहिला नाही. तो आकडा तपासताना आमचा हात क्षणभर अडखळला, हे खरे. पत्रिका त्याच्या हाती पडली तेव्हा त्याने शिक्षिकेला विचारले, ‘चौरस म्हणजे काय?’ तिने तिथल्या तिथे एका घोड्याचे चारही पाय दाखवून समजावून दिले. त्याने तो घोडा चारी बाजूंनी फिरून पाहिला, चाकांच्या खुर्चीवरून, चिखलातून. हालचाली ठरलेल्या, परीक्षक बाई त्याच, म्हणून पुढील वर्षीची तुलना करता येते: त्याला साडेसहा मिळाले. आमच्या माहितीत त्याचे कौतुक पुष्कळांनी केले होते. त्याच्यापासून काही अपेक्षा करणारे थोडे होते.

अपंगांचे ड्रेसेज १९९६ च्या अटलांटा पॅरालिंपिकपासून तेथील कार्यक्रमात आहे. आपल्याकडेही हा खेळ आता अगदीच परका राहिलेला नाही. मुंबईत महालक्ष्मीच्या मैदानावर अमॅच्युअर रायडर्स क्लब आहे. २०२३ साली हांगझोऊ येथील आशियाई क्रीडास्पर्धेत भारताच्या ड्रेसेज संघाने सुवर्णपदक मिळविले. त्या चौघांत मुंबईचे हृदय छेडा होते. अनुष अगरवाला, दिव्यकृती सिंग आणि सुदीप्ती हजेला हे त्यांचे सहकारी. अगरवाला यांनी तेथे वैयक्तिक कांस्यपदकही घेतले आणि २०२४ साली ते पॅरिस ऑलिंपिकमध्ये उतरले. घोडा पाळणे हे खर्चाचे काम आहे आणि मंडळाने उद्या घोडे घ्यावेत असे आम्ही सुचवीत नाही. पण घोडे आणि मैदान ज्यांच्यापाशी आहे त्यांच्याकडून एक दिवस मागून घेणे अशक्य नाही. परीक्षक, लेखनिक आणि दोन तपासनीस मिळाले की निम्मे काम झाले. तपासनिसांपैकी एक आम्ही.

स्पर्धा संपली की त्याच संध्याकाळी, चहाची भांडी विसळून होण्यापूर्वी, दोघे जण पैसे मोजतात आणि दोघेही सही करतात. आठवड्याच्या आत जमाखर्चाचा कागद मंडळाच्या फलकावर लागतो. त्यात परीक्षकाच्या पेट्रोलपासून मुरंब्याच्या बाटलीपर्यंत सारे असते. मग शेजारच्या मंडळांना पत्रे लिहून पुढील वर्षीची तारीख ठरते, कारण एकाच रविवारी दोन गावांत स्पर्धा आल्या तर स्वार दोन्हीकडचे निम्मे होतात. अक्षरांच्या पाट्या धुऊन पागेच्या माळ्यावर जातात. त्यांपैकी ‘बी’ची पाटी एका घोड्याने लाथ मारून फोडली आहे, तिला यंदा नवा रंग द्यावयाचा आहे.